फ्रेची नीळ

थायलंडला निघालेल्या प्रत्येकाला मी सध्या एकच गोष्ट सांगत सुटले आहे: बँकॉकमध्ये बॅग भरू नका, फ्रेपर्यंत ती रिकामी राहू द्या!

फ्रे हे नाव माझ्याही कानांवर कधी पडलं नव्हतं. चिआंग मायच्या रेल्वेमार्गावर डेन चाय स्टेशनला उतरायचं. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, यॉम नदीच्या काठी हे छोटंसं तटबंदीचं शहर आहे. सागवानी वाडे, निवांत गल्ल्या आणि बघाल तिकडे निळे सदरे! भाजीवाली निळ्या सदऱ्यात, सायकलरिक्षावाले आजोबा निळ्या सदऱ्यात, शिंप्याच्या दुकानाबाहेरही निळ्या सदऱ्यांच्या रांगा. या सदऱ्याचं नाव मोहोम. बिनकॉलरचा, जाड सुती, ऐसपैस, पुढे नाड्या किंवा बटणं. मुळात शेतावर घालायचा कपडा. आता सोंगक्रानला, म्हणजे एप्रिलमधल्या थाई नववर्षाला, अख्ख्या उत्तर थायलंडमध्ये तो मिरवला जातो. पर्यटकांना जे विकायचं तेच स्वतः अंगावर घालणारं गाव मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिथेच मी फ्रेच्या प्रेमात पडले.

मग थुंग होंगला जायलाच हवं. शहरापासून चारेक किलोमीटरवरची ही थाई फुआन लोकांची वस्ती. त्यांचे पूर्वज लाओसमधल्या सिएंग ख्वांगकडून आलेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि काही दुकानांच्या मागच्या अंगणात रंगाचे माठ. एका मावशींनी मला हाताला धरून आत नेलं. त्यांची नखं, बोटं, तळहाताच्या रेषा, सगळं निळं! त्या ज्या झुडपाचा रंग काढतात, त्याला म्हणतात होम. आणि हे होम कुठल्या कुळातलं असावं? आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्या! मी तर उडालेच. पानं पाण्यात भिजत घालायची, कुजली की चोथा काढून टाकायचा, चुना घालून पाणी घुसळत राहायचं. फेस येतो, रंग तळाशी बसतो. तो गाळ मग माठात राखेच्या पाण्यात आंबवायचा. रोज वास घ्यायचा, ढवळायचं, माठाचं पोट बिघडू द्यायचं नाही.

मावशींनी पांढरं कापड माठात बुचकळलं, दाबून धरलं, पिळून वर काढलं, तर ते चक्क हिरवट-पिवळं! माझा चेहरा बघून त्या हसल्या आणि त्यांनी कापड झटकून हवेत धरलं. हवा लागली तशी कडेने निळाई चढायला लागली, घडीघडीतून आत सरकत गेली. माझ्या डोळ्यांदेखत, पाहता पाहता सगळं कापड निळं झालं! गडद रंग हवा असेल तर हेच पुन्हा पुन्हा करायचं. एका सदऱ्यामागे एवढे हात आणि एवढे दिवस आहेत हे कळल्यावर घासाघीस करायला माझी जीभच रेटेना.

रासायनिक रंगाचे सदरेही इथे ढिगाने मिळतात आणि स्वस्त असतात. वनस्पतीच्या रंगाचा सदरा महाग, पण त्याच्या निळ्याला एक खोली असते आणि कापडाला मातकट, आंबूस वास येतो. फरक कळत नसेल तर सरळ विचारा. मला तरी दुकानदारांनी तो आनंदाने दाखवला, दोन्ही सदरे शेजारी ठेवून. मेणाचे ठसे मारून रंगवलेले स्कार्फ, पिशव्या, टेबलक्लॉथ हा आणखी एक खजिना!

आणि फ्रे एवढ्यावर थांबत नाही. याच प्रांतात लोंग नावाचा तालुका आहे, तिथे तिन जोक, म्हणजे सिन या नेसायच्या वस्त्राचा नक्षीदार काठ, विणतात. पैठणीचा जीव जसा पदरात, तसा इथल्या बायका नेसतात त्या सिनचा जीव खालच्या काठात. साळिंदराच्या काट्याने एकेक धागा उचलून त्यात रंगीत नक्षी भरतात. इथल्या विणकर प्रनोम थापेंग यांना थायलंडने राष्ट्रीय कलाकार हा सन्मान दिला आहे. मी तो काठ बोटांनी चाचपून पाहिला आणि पाठीमागची बाजूही तितकीच सुबक पाहून थक्क झाले.

शनिवारी संध्याकाळी जुन्या शहरात कात काँग काओ हा बाजार भरतो. तिथे खाऊ, लाकडी वस्तू, कापड, सगळं माणसांच्या गर्दीत बघायला मिळतं. सागवान ही इथली जुनी श्रीमंती. त्या व्यापारातल्या एका कंपनीच्या नावात तर आपली मुंबई आहे: बॉम्बे बर्मा. तिच्या नावाने ओळखली जाणारी शंभरी ओलांडलेली लाकडी इमारत 2020 साली नूतनीकरणाच्या कामात पाडली गेली, तेव्हा फ्रेचे लोक खवळून उठले होते. आपल्या वस्तूंवर असा जीव असलेलं हे गाव आहे!

तेव्हा जा, आणि शनिवार गाठून जा. दुकानाच्या पुढच्या मांडणीवर थांबू नका, माठ बघायचाय म्हणून सांगा. वनस्पतीच्या रंगाचा एक तरी सदरा घ्या. घरी आल्यावर पहिल्या धुण्याआधी तो मिठाच्या पाण्यात भिजवा आणि सुरुवातीला वेगळा धुवा, कारण रंग जातो. मग बिनधास्त रोज घाला. तो रोज घालण्यासाठीच शिवलेला आहे.