कांद्याचे दिवस

मार्च आला की माझ्या चौथीच्या वर्गातले बाक रिकामे दिसायला लागतात. आमच्या निफाडकडे तेव्हा उन्हाळ कांदा काढणीला येतो, नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाचीही सोंगणी असते. लहानपणी मीही अशीच दांडी मारायचे. आई कांद्याची पात कापायची, आजी मेथीच्या जुड्या बांधायची, मोजायचं काम माझं. चुकलं की आजी सगळ्या पुन्हा मोजायला लावायची! वर आभाळ भरून आलं की सगळ्यांची पळापळ, अवकाळीनं भिजलेला कांदा टिकत नाही ना.

परवा एक मुलगी आठ दिवसांनी शाळेत आली. रागवायला गेले, तर तिच्या बोटांवर विळ्याच्या खुणा. गणिताच्या वहीत मागच्या पानांवर मजुरांचे खाडे आणि मजुरी, आईनं लिहायला सांगितलेली. मी सगळी बेरीज तपासली. एकही चूक नव्हती. हजेरीपटावर मात्र आठ दिवस गैरहजर.