एकाची तबकडी, चौघांचे कान

वाचकहो, तुमच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखालच्या ट्रंकेत आजोबांच्या काळच्या काही काळ्या तबकड्या पडून आहेत काय? असल्यास हा लेख तुमच्यासाठीच आहे. नसल्यास शेजाऱ्यांकडे असतील, आणि मला बोलावयाचे आहे ते मुख्यतः शेजाऱ्यांकडच्या तबकड्यांविषयीच.

दिल्लीत आम्ही सात-आठ मंडळी महिन्यातून एका रविवारी दुपारी एकत्र जमतो. कुणी करोल बागेतून येतो, कुणी मेट्रोने नॉइडाहून. एक डॉक्टरीणबाई गाझियाबादहून येतात. निम्मी मंडळी मराठी, बाकीची दिल्लीची आणि पंजाबची. आमच्या या बैठकीला नाव नाही, वर्गणी नाही. नियम दोनच. प्रत्येकाने आपल्या आवडीची एक ध्वनिमुद्रिका आणावयाची, आणि ती वाजत असताना कुणी बोलावयाचे नाही. वाजून झाल्यावर मात्र बोलण्यास मर्यादा नाही. चहा थंड होतो, पण त्याची कोणी तक्रार करीत नाही.

आमच्यातील सर्वांत वडील सभासदांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. दिल्लीकर स्नेही ‘अण्णाजी’ म्हणतात. सांगलीकडून सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले ते येथेच राहिले. आमच्या बैठका त्यांच्याच घरी होतात, कारण ग्रामोफोन त्यांचा, आणि तबकड्याही बहुतेक त्यांच्याच. शिवाय त्यांच्याजवळ एक जाड वही आहे. वाजलेल्या प्रत्येक तबकडीचे एक पान त्या वहीत आहे. कोणत्या दिवशी वाजली, ऐकावयास कोण होते, आणि कोणी काय म्हटले, हे सारे त्या पानावर. एकाच भैरवीखाली तीन पिढ्यांची मते मी वाचली आहेत, आणि ती परस्परांशी मुळीच जुळत नाहीत.

तुम्ही म्हणाल, तीन मिनिटांच्या गाण्यावर इतके बोलण्यासारखे काय असते? उदाहरणच सांगतो. एका रविवारी अब्दुल करीम खाँसाहेबांची १९०५ च्या सुमाराची एक जुनी मुद्रिका लागली. खाँसाहेब मूळचे कैराना गावचे, म्हणजे दिल्लीहून शंभरेक किलोमीटरवरचे; पण ते मिरजेस स्थायिक झाले आणि त्यांचे गाणे महाराष्ट्राने आपले मानले. आमच्या बैठकीतील मराठी माणसे दक्षिणेतून यमुनेकाठी आली, आणि हा आवाज यमुनेकडून कृष्णाकाठी गेला, याची आम्हांला नेहमीच मौज वाटते. तबकडी संपली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अण्णा, हा आवाज इतका बारीक कसा? यंत्र जलद तर फिरत नाही ना?”

झाले! त्यावर पुढचा दीड तास गेला. आपण या तबकड्यांना सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरच्या’ म्हणतो, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. परंतु आरंभीच्या काळात हा वेग सर्वत्र सारखा नव्हता. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने यंत्र थोडे सावकाश फिरविले असेल आणि आपण ती तबकडी ७८ ने वाजविली, तर स्वर चढतो आणि लयही वाढते. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ ने वाजवा. पांढरी एकचे गाणे जवळजवळ काळी एकमध्ये जाते, आणि तीन मिनिटांतील दहाएक सेकंद नाहीसे होतात. अण्णांनी वेग हळूहळू उतरवून तीच तबकडी पुन्हा तीन वेळा लावली. एकदा खाँसाहेब तरुण वाटले, एकदा प्रौढ, आणि शेवटच्या खेपेस काहीसे दमलेले. आता यांतील खरे खाँसाहेब कोणते? नॉइडाचे स्नेही पेशाने इंजिनियर आहेत. त्यांचा मुद्दा असा, की साथीची पेटी ज्या वेगाला नेमकी एखाद्या पट्टीत येईल तो वेग खरा. अण्णा म्हणाले, “तुम्ही म्हणता ते बरोबर, पण शंभर वर्षांपूर्वीची पेटी आजच्या पट्टीला मिळत होती असे कोणी सांगितले?” मग कोणी म्हणाले पेटी सोडा, शब्द ऐका, माणूस ज्या रीतीने ‘आ’ उच्चारतो ती रीत ज्या वेगाला स्वाभाविक वाटेल तो वेग धरा. मला स्वतःला हे शेवटचे म्हणणे पटते. वहीत त्या दिवशी तीन निरनिराळे आकडे लिहिले गेले, आणि प्रत्येकापुढे ज्याचे मत त्याची सही.

आज बोटाच्या एका स्पर्शासरशी हीच मुद्रिका फोनवर ऐकावयास मिळते, आणि ही सोय लहान नव्हे. पण ती कोणत्या वेगाने उतरवून घेतली आहे, हे बहुधा तेथे लिहिलेले नसते. हजारो लोक ऐकतात, ते एकेकटे. शंका आली तरी विचारावयाचे कोणाला? शेजारी कोणी बसलेले असले म्हणजे शंका बोलून दाखविली जाते. एरवी ती मनात येऊन तशीच निघून जाते.

तीन मिनिटांची गोष्ट निघालीच आहे तर थोडे सांगतो. १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केले तेव्हा शेवटी त्यांनी आपले नाव इंग्रजीत उच्चारले, कारण तबकड्या तयार व्हावयाच्या होत्या जर्मनीत, आणि तेथील कारागिरांना गाणारी कोण हे कळावयास हवे होते. घाईघाईत उच्चारलेले ते नाव ऐकले, की आमच्यातील नवा माणूस हटकून हसतो. पुढे गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे तुम्ही वाचले असेलच. त्यामागची हकिकत मात्र आमच्या बैठकीस फार प्रिय आहे. रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीताभ्यासकाने या मुद्रिकेची शिफारस केली. पण ती मिळावी कोठे? शोधता शोधता न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. कोणीतरी ऐकली, कोणीतरी दुसऱ्यास सांगितले, कोणीतरी जपून ठेवली होती. याहून निराळे आम्ही काय करतो?

आणि जे जपलेच गेले नाही त्याचे काय? भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, अल्लादिया खाँसाहेब १९४६ मध्ये. दोघांच्या गाण्याची एकही मुद्रिका आपणांस उपलब्ध नाही. केसरबाई ही अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या. म्हणून त्यांच्या तीन मिनिटांत गुरूचा माग काढण्याचा प्रयत्न आम्ही करतो. ऐकलेल्या माणसांनी जे सांगितले, लिहिले, शिकविले, तेवढेच हाती उरले आहे. अण्णांच्या वहीकडे मी गंमत म्हणून पाहत नाही, त्याचे कारण हे आहे.

सर्वच मंडळी जुन्या तबकड्यांची भक्त आहेत असे मात्र समजू नका. दिल्लीचे एक स्नेही नेहमी लांब वाजणाऱ्या मुद्रिकांची बाजू घेतात. अमीर खाँसाहेबांची १९६० ची मुद्रिका ते दरवर्षी एकदा आणतात. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. त्यांचे म्हणणे, विलंबित ख्याल श्वास घेतो तो येथे. तीन मिनिटांत त्याचे नुसते छायाचित्र निघते. ते पूर्णपणे चूक नाहीत. मारव्यात खाँसाहेब षड्जावर येण्याचे इतके टाळतात, की ऐकणाऱ्याचा जीव त्या एका स्वरासाठी आसुसतो. इतकी वाट पाहावयास लावण्यास अवधी हवाच. एका वर्षी त्यांनी ही मुद्रिका सकाळीच लावावयाची म्हटले, तेव्हा अण्णांनी सरळ नकार दिला. सायंकाळचा राग सायंकाळीच! शेवटी डिसेंबरातल्या त्या बैठकीस सारे दिवे लागेपर्यंत थांबलो, घरी फोन केले, आणि अण्णांच्या सूनबाईंनी सर्वांसाठी खिचडी टाकली.

आकाशवाणीचा उल्लेख केल्यावाचून दिल्लीतील कोणत्याही रसिकाची हकिकत पुरी होत नाही. १९५२ मध्ये, बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीत ज्याच्या घरी चांगला रेडिओ त्याच्या घरी शनिवारी रात्री चटया पसरल्या जात, असे अण्णा सांगतात. पुढे हौशी लोकांनी ते गाणे फितींवर उतरवून घेतले. त्या फितीही आता जीर्ण झाल्या आहेत.

गेल्या वर्षापासून अण्णांना जिना चढवत नाही. दोन्ही मुलगे कर्तबगार आहेत, वडिलांवर त्यांची मायाही आहे. पण तबकड्यांचे काय करावयाचे हा प्रश्न त्यांनी नम्रपणे विचारला, आणि तो विचारणे भाग होते. नव्या घरात कपाटांना जागा नाही. गुरुग्रामला भारतीय संगीताचे एक मोठे संग्रहालय आहे. ते १९८२ मध्ये पुण्यात निघाले आणि पुढे दिल्लीकडे आले. तेथे चौकशी करावी असे आम्ही सुचविले. अण्णांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “तबकड्या तेथे सुखरूप राहतील, हे खरे. पण वहीतली पाने पुढे कोण लिहील?”

तो प्रश्न अजून सुटलेला नाही. तूर्त त्यांनी एक व्यवस्था केली आहे. दर बैठकीनंतर प्रत्येकाने एक तबकडी घरी न्यावी, घरच्या माणसांसह ऐकावी, आणि वहीसाठी सुट्या कागदावर सर्वांची मते लिहून आणावी. ज्यांच्याकडे ग्रामोफोन नाही त्यांच्यासाठी इंजिनियर स्नेह्यांनी एक जुने यंत्र दुरुस्त करून फिरते ठेवले आहे. या महिन्यात माझ्या वाट्यास नारायणराव व्यासांची एक तबकडी आली. माझा कागद अजून कोराच आहे. चौदा वर्षांच्या मुलीने मात्र पेन्सिलीने आपली ओळ लिहून टाकली आहे; तिच्या मते ही तबकडी थोडी जलद वाजते. मला तसे वाटत नाही. रविवारी ती माझ्याबरोबर येणार आहे.