दुसरा डोस

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी विभागासाठी लेख देतेय म्हटल्यावर रूममेट इतकी हसली की मेसची पोळी तिच्या घशात अडकली! ऱ्हस्व-दीर्घ मी संपादकांवर सोपवते. पण हा विषय मला इंग्रजीत लिहिताच आला नसता. कारण तो घरात घडला, आणि आमच्या घरी आम्ही मराठीतच रडतो.

फेब्रुवारी २०२० ची गोष्ट. मी नववीत होते. साताऱ्याच्या आमच्या घरी दीड महिन्याचं एक तपकिरी गावठी पिल्लू आलं. मी हौसेनं नाव ठेवलं ब्रूनो. आजीनं दुसऱ्याच दिवशी त्याचा 'बुरुन्या' केला! बाबांची अट एकच – "त्याचं सगळं तू बघायचंस." मी मोठ्या रुबाबात हो म्हटलं.

७ मार्चला पहिलं इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवलं, शेजारी पुढची तारीख लिहिली – २८ मार्च. "ही चुकवू नकोस. आणि डोस पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडू नकोस." मी मान डोलावली. मनात म्हटलं, टोचलं ना एकदा? मग झालं की!

२५ मार्चला लॉकडाऊन लागला. दवाखाना बंदच असणार, असं मी माझं मीच ठरवून टाकलं. एक फोनसुद्धा केला नाही. रस्त्यावर पोलिस, त्यात बाबांना गाडी काढायला कुठे लावायची, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर निम्मा कंटाळा होता. बाबांनी विचारलं, "बुरुन्याचं इंजेक्शन कधी आहे गं?" मी कार्ड न काढताच म्हणाले, "पुढच्या महिन्यात."

एप्रिलच्या मध्यावर त्याचं खाणं सुटलं. मग उलट्या, मग रक्ताची हगवण. तो वास मी अजून विसरलेले नाही. बाबांनी दवाखान्यात फोन लावला, तर पहिल्या रिंगला उचलला. दवाखाना सुरू होता! जनावरांचे दवाखाने लॉकडाऊनमधून वगळलेलेच होते. रोगाचं नाव पार्वो. सलाइन लावायचं, उलट्या थांबवायच्या आणि वाट बघायची, एवढंच हातात. तिसऱ्या दिवशी पहाटे ब्रूनो गेला. बाबांनी त्याला परसात पुरलं. आई म्हणाली, "लॉकडाऊननं नेलं पोराला." मी गप्प बसले.

एक डोस दिला होता, तरी असं का झालं? हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला तो पुढच्या वर्षी. त्यांनी सांगितलं ते असं. पिल्लाला जन्मल्यावर आईच्या चिकातून आयती प्रतिकारशक्ती मिळते. ती असते तोवर रोगापासून बचाव होतो, पण तीच लसीलाही निकामी करून टाकते. ती हळूहळू ओसरते. कुणाची सहाव्या आठवड्यात, कुणाची बाराव्या, कुणाची त्याहूनही उशिरा. नेमकी कधी, ते पिल्लाकडे बघून कळत नाही. म्हणून साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस द्यायचे, म्हणजे त्यातला एक तरी लागू पडतोच. थोडक्यात, पुढचा डोस हा पहिल्याचा 'एक्स्ट्रा' नव्हे. ब्रूनोचा पहिला डोस बहुधा वायाच गेला होता, आणि खरा उपयोगी पडला असता तो मी चुकवला.

२०२१ मध्ये मोत्या आला. (या वेळी नाव ठेवायचा मान आजीचा!) पार्वोचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकून राहतो, म्हणून आधी सगळी फरशी आम्ही ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन काढली. मोत्याचा एकही डोस चुकला नाही. पार्वो, डिस्टेंपर, कावीळ यांची एकत्र लस, तिचे पुढचे डोस, तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस, मधूनमधून जंताचं औषध. मग वर्षानं बूस्टर. आता तो चांगला दांडगा झालाय, तरी कार्ड बंद झालेलं नाही. लेप्टोची लस दरवर्षी लागते, कारण उंदरांच्या लघवीतून पसरणारा तो आजार पावसाळ्यात माणसांनाही होतो. पार्वो-डिस्टेंपरचा डोस मोठ्या कुत्र्याला दरवर्षी हवा की तीन वर्षांनी चालेल, ते डॉक्टर ठरवतात. रेबीजचा मात्र आम्ही दरवर्षी देतो. तो नुसता मोत्यासाठी नाही, आमच्या सगळ्या गल्लीसाठी आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की कुत्रा काय नि माणूस काय, वाचणं जवळजवळ अशक्य.

आपण मेकॅनिकलवाले प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सवर दहा मार्कांचं उत्तर घडाघडा लिहितो. मशीन चालू असतानाच तेलपाणी करायचं, बंद पडायची वाट बघायची नाही. मला ते सिलॅबसच्या आधी पाच वर्षं शिकायला मिळालं होतं, फक्त फी फार महाग पडली. सबमिशनची तारीख आपण सरांच्या हातापाया पडून पुढे ढकलून घेतो. विषाणू एक्स्टेंशन देत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे मेसच्या मागची तीन पिल्लं. साधारण दोन महिन्यांची असतील. सगळं हॉस्टेल त्यांना बिस्किटं घालतंय, फोटो काढतंय. आमच्या विंगनं वर्गणी काढलीय, येत्या रविवारी डॉक्टर येऊन पहिला डोस देणार आहेत. त्या दिवशी गर्दी होईल, मला ठाऊक आहे. मला माणसं हवीत ती दुसऱ्या डोसला. तारीख मेसच्या नोटीस बोर्डावर, मेनूच्या शेजारी लावणार आहे, म्हणजे 'दिसली नाही' म्हणायची सोय नको!

आणि हो, हा अंक घरीही जाईल. बाबा, ते इंजेक्शन पुढच्या महिन्यात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी होतं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी