राजी, दुसऱ्यांदा

रात्रीचे साडेबारा. सकाळी स्वारगेटहून अकलूजची एसटी गाठायची आहे, बॅग अर्धीच भरलीय, आणि मी निन्टेन्डोच्या ई-शॉपवर एका बटणावर बोट धरून बसलेय. गोष्ट २०२२ च्या दिवाळीची. गेमचं नाव ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. अडचण एवढीच, की हा गेम माझ्याकडे ऑलरेडी आहे! लॅपटॉपवर. खेळून, संपवून, दोन मैत्रिणींना ऐकवूनसुद्धा झालेला.

मग तोच गेम स्विचसाठी पुन्हा घ्यायचा? पंचवीस डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावानं दोन हजारांच्या वर. त्यात निन्टेन्डोचं दुकान भारतात अधिकृतपणे नाहीच, म्हणून अमेरिकेचं खातं काढा, त्यात प्रीपेड कोड भरा, ही सगळी यातायात. स्विचही माझा नवा नाही. रूममेट कॅनडाला गेली, तेव्हा तिच्या मिक्सरसोबत स्वस्तात पदरात पडलेला.

‘राजी’ची ओळख नसेल त्यांच्यासाठी: हा आपल्या पुण्यात बनलेला गेम. नॉडिंग हेड्स गेम्स नावाची छोटीशी कंपनी. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवायचा प्रयत्न केला, तो फसला. मग संस्थापकांपैकी एकानं चक्क फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. (पुण्यात फ्लॅट विकणं म्हणजे काय, हे ईएमआयवाल्यांना सांगायला नको.) ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी आणि बाकीच्या कन्सोलवर. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्या गेमसाठीच्या विभागात त्याला नामांकनही मिळालं. गोष्ट साधी. राजी ही खेळ करून दाखवणाऱ्यांतली पोरगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला पळवून नेतात आणि ती त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते. वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसात बोलत असतात, अगदी गॅलरीतल्या शेजाऱ्यांसारखे.

ऑफिसातल्या गेमिंगवाल्या मित्रानं सरळ सांगितलं, “नको घेऊ.” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. स्विच २०१७ चा, आतली चिप टॅबलेटच्या जातीची. लॅपटॉपवर जे चित्र धारदार दिसतं ते तिथं मऊ पडणार. ‘राजी’चा कॅमेरा आपल्या हातात नसतो, तो लांबून, उंचावरून बघतो. सहा इंचांच्या पडद्यावर पोरगी मुंगीएवढी होणार. भिंतीवरची ती सुंदर पहाडी शैलीतली चित्रं बघायला मोठा स्क्रीनच हवा. आणि गेम जेमतेम पाच-सहा तासांचा. “एकदा संपवलेल्या गेमसाठी एवढं? वेडी आहेस का?”

सगळं पटलं. तरी बोट बटणावरून हलेना, कारण हिशोबात एक माणूस राहिला होता.

माझा धाकटा भाऊ श्रीपूरला असतो. श्रीपूर म्हणजे माळशिरस तालुका, अकलूजच्या अलीकडे-पलीकडे. १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिच्या कारखान्यानं हे गाव नकाशावर आलं. आमचं लहानपण भोंग्यावर घड्याळ लावण्यात आणि मळीच्या वासात गेलं. पुण्याहून कुणी पाहुणा आला की नाकाला रुमाल लावायचा. आम्हाला कळायचंच नाही, का ते!

घरात एकच टीव्ही आणि त्याला जोडलेला एकच ‘व्हिडिओ गेम’. पिवळी कॅसेट, वर हजारो गेम असल्याचा दावा, आत वीसेक. त्यातला ‘काँट्रा’ आम्ही झिजवला. आता कळतं, की तोही मूळचा आर्केडचा गेम, १९८७ चा. घरगुती निन्टेन्डोवर तो १९८८ मध्ये उतरवला, आणि जगभर लोकांना ती उतरवलेली आवृत्तीच जास्त आवडली. पोर्ट चांगला की वाईट असले प्रश्न आम्हाला पडले नाहीत. मी निळा, तो लाल. मी मोठी म्हणून कायम पहिला प्लेयर. त्याच्या लाइफ संपल्या की तो माझ्यातल्या घ्यायचा, आणि मग मी आईला हाक मारायची.

२०२० मध्ये बाबांची बायपास झाली. तो चाकणची नोकरी सोडून घरी गेला, कारखान्यात लॅबमध्ये लागला. मी पुण्यात राहिले, पैसे पाठवले. एकदा फोनवर तो म्हणाला, “तुझं बरंय ताई. लॅपटॉप मिटला की सुटलीस.” मीही काहीतरी लागेलसं बोलले. त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं “जेवलास का”, “गोळ्या दिल्या का” एवढ्यावरच.

त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही. लॅपटॉपवरची राजी त्याच्यापर्यंत पोचणार नव्हती. घेतला गेम. मित्राला सांगितलंच नाही.

भाऊबीजेच्या सकाळी तो रात्रपाळीहून आला. गळीत हंगाम सुरू झालेला, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. हॉलमधला टीव्ही आईकडे, म्हणून आम्ही चहा घेऊन गच्चीवर गेलो. ऊन वाढेल तसा स्क्रीन दिसेना, मग टाकीच्या सावलीला सरकलो.

“ताई, ही एवढुशी म्हणजे मीच का?”

“तूच.”

“लय बारीक दिसतीय गं.”

मित्राचा मुद्दा तिथंच सिद्ध झाला. पण हातात कंट्रोल आल्यावर ती बारीक पोरगी भिंतीवरून धावायला लागली, खांबाला गिरकी घेऊन राक्षसांवर कोसळली, आणि आमचा लॅबवाला पुढं सरकून बसला. कीबोर्ड-माऊसपेक्षा हे बटणांवर किती सहज जातं, हे मलाही तेव्हाच कळलं. गेम एकट्यानं खेळायचा, म्हणून नियम केला: मेलं की दुसऱ्याच्या हातात.

मी जरा लवकर लवकर मरत होते. त्याच्या लक्षात आलं.

“मुद्दाम मरू नकोस. काँट्रात एक लाइफ द्यायची तर रडायचीस.”

“तू मागायचास कुठं? चोरायचास.”

तो हसला. मग खाली बघून, बटण दाबत दाबतच म्हणाला, “तेव्हा फोनवर मी जरा जास्तच बोललो.” मी म्हटलं, “मीपण.” पुढं काही नाही. राक्षस आला होता.

स्विच तिथंच ठेवून आले. पंधरा दिवसांनी रात्री अकराला फोन. नेहमी फोन मीच करायची. “हे काय ताई, संपला? असा अर्धवट? पैसे परत माग त्यांच्याकडं!” मग आम्ही पाऊण तास बोललो. शेवट घाईत गुंडाळलाय, हे माझंही मत. त्यातली दहाएक मिनिटं बाबांच्या पथ्यावर गेली, आणि या वेळी कुणी कुणाला हिशोब विचारला नाही.

२०२५ मध्ये ‘राजी : कलियुग’ जाहीर झाला. बातमीची लिंक आधी त्यानं मला पाठवली. खाली एकच ओळ: “ह्या बारीला एकदाच घे. आणि टीव्हीवर.”