कुठल्या भाषेत विचारायचं?

मेंदूला स्वतःची वेदना कळत नाही. म्हणून कवटी उघडी असताना रुग्णाला जागं ठेवून त्याच्याशी बोलता येतं. समोर चित्र धरायचं, मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सौम्य स्पर्श करायचा. नाव सुचेनासं झालं, तर ती जागा भाषेची. गाठ काढताना तिला हात लावायचा नाही.

माझ्या धाकट्या भावाची गाठ डावीकडे, भाषेच्या प्रदेशालगत होती. डॉक्टरांनी विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं?" जयलक्ष्मीपुरमच्या आमच्या घरात मराठी, फाटकाबाहेर कन्नड, कचेरीत इंग्रजी. आई म्हणाली, "मराठीत." वहिनी म्हैसूरचीच, माहेरची भाषा कन्नड. ती काही बोलली नाही.

प्रश्न औपचारिक नव्हता. जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी १९७८ मध्ये द्विभाषिक रुग्णांविषयी लिहिलं होतं : काही जागा दोन्ही भाषांच्या सामाईक असतात, पण काही ठिकाणी एक भाषा अडते आणि दुसरी चालू राहते. म्हणजे जी भाषा विचारली नाही, तिची जागा नकाशात येतेच असं नाही.

पुढे १९९२ मध्ये ओजेमन, मायकेल हॅग्लंड आणि डॅरिल होकमन यांनी प्रकाशाने असा नकाशा काढून दाखवला. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे रक्त धावतं. रक्तातलं हिमोग्लोबिन प्रकाश शोषतं, म्हणून त्या भागावरून परतणाऱ्या प्रकाशात बारीकसा फरक पडतो. डोळ्याला न दिसणारा हा फरक कॅमेरा टिपतो. मेंदूला स्पर्शही करावा लागत नाही. वाचताना मला वाटलं, हेच का नाही वापरत? अडचण अशी की मेंदू ठोक्यागणिक, श्वासागणिक हलतो आणि रक्त शब्दाच्या मागून, सेकंद-दोन सेकंदांनी पोचतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे प्रकाश दाखवतो ती कामात सामील असलेली जागा. ती गेली तर भाषा जाईल की निभावेल, हे विजेचा स्पर्शच सांगतो.

सामील कोण आणि ज्याच्यावाचून चालणार नाही असं कोण, हा हिशेब आम्हाला भाषांबाबतही करावा लागला. जागं ठेवण्याचा वेळ मोजका होता. भावानेच ठरवलं : मराठी आणि कन्नड. "इंग्रजी गेली तर पुन्हा शिकेन. मुलीशी कन्नड बोलतो, आईशी मराठी. त्या दोघींना दुसरं कोण आहे?"

मग आई आणि वहिनी चित्रं घेऊन बसल्या. फणीला बाचणिगे, हत्तीला आने, केरसुणीला पोरके. खुर्ची खोडली, कारण कन्नडमध्येही ती कुर्चीच. छत्रीही गेली.

आज भाऊ दोन्ही भाषांत भांडतो. इंग्रजी पत्र लिहिताना मात्र मधेच थांबतो, वाक्य कन्नडमध्ये सांगतो आणि मुलगी त्याला हवा तो शब्द देते.