आवळण्याचं माप

माझ्याकडे आटे गेलेली जी इंजिनं येतात, त्यांतली बहुतेक बोल्ट सैल राहिल्याने नव्हे, तर जास्त आवळल्याने बिघडलेली असतात. गिऱ्हाइकाला हे सहज पटत नाही. बोल्ट जितका घट्ट तितकी गाडी मजबूत, हा समज खोलवर बसलाय. पान्याला पाइप लावून जोर काढणारा मेकॅनिक लोकांना कसबी वाटतो. मला ते दृश्य बघवत नाही. प्रत्येक बोल्टला आवळण्याचं ठरलेलं माप असतं. त्याच्या अलीकडे थांबलात तर तो सुटतो, पलीकडे गेलात तर आटे घेऊन जातो.

माझं गॅरेज मोरगावला. गाव बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात, कऱ्हेकाठी वसलेलं. जेजुरीकडून, सुप्याकडून, निरेकडून आणि बारामतीकडून येणारे रस्ते इथे भेटतात. अष्टविनायकाची यात्रा इथल्या मोरेश्वरापासून सुरू करायची प्रथा असल्याने पुण्या-मुंबईची पोरं मोटरसायकली घेऊन येतात. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी येते, तेव्हा रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते. पण माझं पोट चालतं ते रोजच्या गाड्यांवर. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेल्या, वैरणीचे भारे वाहणाऱ्या, उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांनी फोडलेल्या रस्त्यांवरून बागायती भागात ये-जा करणाऱ्या. या गाड्यांचे बोल्ट सुटतात, आणि का सुटतात ते समजून घेण्यासारखं आहे.

बोल्ट आवळतो तेव्हा तो किंचित लांबतो आणि परत आखडायला बघतो. त्या ओढीनेच दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. कडब्याच्या गाडीवर दोर ताणून बांधतो तेव्हा भार गाठीने नाही, ताणाने धरलेला असतो, तसंच हे. ताण गेला की नट जागच्या जागी दिसला तरी तो नावापुरताच. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिलं, की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडवी हालचाल त्याला फार लवकर सोडवते. दोन भाग एकमेकांवर सरकू लागले, की आट्यांमधलं घर्षण हरतं आणि बोल्ट हळूहळू उलटा फिरतो. दुधाचे कॅन लावलेलं कॅरिअर खड्ड्यागणिक डावी-उजवीकडे हलतं; त्याचेच बोल्ट आधी का निखळतात, ते यातून कळतं. आपण ज्याच्यावर भरवसा ठेवतो तो स्प्रिंग वायसर अशा आडव्या हादऱ्यापुढे फारसा टिकत नाही. पुरेसा ताण आणि न सरकणारा जोड, हाच खरा उपाय.

आता माप. ६ मिलिमीटरचा बोल्ट, ज्याला दहाचा पाना लागतो म्हणून आम्ही त्याला दहाचा म्हणतो, त्याला होंडाच्या मॅन्युअलमध्ये सर्वसाधारण १० न्यूटन-मीटर सांगितलेत. ८ मिलिमीटरला २२, १० मिलिमीटरला ३४. दहा न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे एक किलो वजन. बारा सेंटिमीटरच्या पान्यावर तो जोर आठ-साडेआठ किलोचा होतो, म्हणजे मनगटाचा, खांद्याचा नव्हे. एवढ्यानेच त्या बारीक बोल्टमध्ये साधारण आठशे किलोची ओढ तयार होते. लावलेल्या जोरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग घर्षणातच जातो, जेमतेम दहावा हिस्सा ताणाच्या कामी येतो. त्यामुळे आट्यांना तेल-ग्रीस लागलेलं असेल तर तेवढ्याच जोरात ताण बराच वाढतो. लहान पाना आखूड केलेला असतो तो लोखंड वाचवायला नव्हे. जोर बेतात राहावा म्हणून. त्याला पाइप लावला की ती सगळी व्यवस्था मोडली.

इंजिनाचं केसिंग अॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. भांडण झालं की मऊ धातू हरणार. शिवाय सगळे आटे भार सारखा वाटून घेत नाहीत. पहिल्याच आट्यावर जवळजवळ एक तृतीयांश भार येतो. तो फाटला की भार दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. बोल्ट बाहेर काढला की त्याच्या खाचांत गुंडाळलेली राखाडी, वेटोळी तार दिसते. ते केसिंगचे आटे.

सगळ्यात जास्त बळी जातो ड्रेन बोल्टचा. स्प्लेंडरला तो १२ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा; पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर. दर वेळी ऑइल बदलताना वायसर नवा घालायला हवा. जुना चपटा झालेला ठेवला की थेंब गळतो, गळती थांबवायला पुढचा माणूस अजून आवळतो, आणि दोन-चार सर्व्हिसिंगनंतर बोल्ट नुसता फिरत राहतो. मग त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळतात, एम-सील लावतात, नाहीतर जाड बोल्ट ठोकून बसवतात. जाड बोल्ट आपले आटे स्वतः कापत जातो खरा, पण तो तिरका गेला तर केसिंगला चीर पडते आणि मग वेल्डिंगशिवाय इलाज उरत नाही.

मी हेलिकॉइल बसवतो. ही स्टेनलेस तारेची गुंडाळी असते. भोक मोठं करून, त्यात तिच्या खास टॅपने आटे मारून आत फिरवायची, म्हणजे मूळ मापाचाच बोल्ट परत चालतो. ऑइल काढून गाडी आडवी टेकवतो, भोक पेट्रोलने धुतो. किटमधल्या मापाच्याच बिटने सरळ ड्रिल. टॅपच्या खाचांत ग्रीस भरतो, म्हणजे चुरा त्यातच चिकटतो; अॅल्युमिनियमला रॉकेलचे दोन थेंब दिले की कापही गुळगुळीत येतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. हाताला चुरा तुटल्याचं कळतं. घाई केली आणि टॅप आतच तुटला, तर तो काढणं आटे मारण्यापेक्षा दहापट अवघड. टॅपचं पोलाद साध्या ड्रिलला दाद देत नाही. मग गुंडाळी फिरवून आत घेतो, पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली थांबवतो, आणि तिच्या टोकाची आडवी शेपटी सुंभ्याने तोडून चिमट्याने बाहेर काढतो. ती आत राहिली तर ऑइलबरोबर फिरेल. शेवटी थोडं ऑइल ओतून भोक धुऊन काढायचं, नवा वायसर, आणि टॉर्क पाना. अशी दुरुस्ती मूळच्या आट्यांपेक्षा टिकाऊ असते, कारण आता अॅल्युमिनियमवरचा भार मोठ्या व्यासावर पसरतो आणि बोल्ट तारेवर घासतो.

सायलेन्सरचे स्टड ही वेगळी जात. वर्षानुवर्षं तापून-थंडावून ते गंजाने जखडतात, आणि ताकद लावली की हेडमध्येच तुटतात. तिथे जोर नको, गरमी हवी. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा साधारण दुप्पट फुगतं, त्यामुळे आजूबाजूचा भाग तापवला की स्टडची पकड सुटते. तुटलेल्या टोकावर नट वेल्ड करून, गरम असतानाच पुढे-मागे करत काढला तर बहुधा निघतो.

आमच्या भागात जुन्या बुलेटही बऱ्याच आहेत, वडिलांची गाडी म्हणून जपलेल्या. त्यांचे आटे इंचाच्या मापातले. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली ब्रिटनमध्ये आट्यांचं जे माप ठरवलं त्याच घराण्यातले. पाव इंचाच्या बारीक बोल्टला इंचात २६ आटे. पिच पडते ०.९७७ मिलिमीटर, आणि आपल्या ६ मिलिमीटर बोल्टची असते १. फरक इतका थोडा, की ६ मिलिमीटरचा बोल्ट त्या भोकात खुशाल जातो आणि धरल्यासारखा वाटतो. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, तो फक्त आट्यांच्या टोकांना धरून असतो. एकदा नीट आवळला की आटे ओढून बाहेर. अशा गाडीला हात लावण्याआधी मी पिच गेज लावतो, कितीही घाई असली तरी. यामाहाच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, हेही नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात सांगतो.

सुटणारे बोल्ट रोखायला निळं लॉकटाइट चांगलं. आटे आधी पेट्रोलने कोरडे-स्वच्छ केले तरच ते धरतं. लाल किंवा पक्कं बसणारं केसिंगच्या लहान बोल्टला लावू नका, काढताना बोल्ट तुटतो. मागच्या चाकाच्या नटला स्प्लिट पिन असेल तर ती तारेचा तुकडा घालून भागवू नका. आणि यात्रेला निघणाऱ्यांनी मागच्या चाकाचा नट, हँडल, कॅरिअर आणि इंजिन माउंटिंग यांच्या बोल्टांवर पांढऱ्या पेंटची रेघ ओढून घ्यावी, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत सलग. चहाला थांबल्यावर वाकून पाहिलं की रेघ मोडलीय का ते लगेच दिसतं.