थिजलेली लाट

भाच्याने मोबाइलवर टिपलेला गुहागरचा समुद्र संगणकावर लावला की लाट अर्ध्यातच थिजायची, गाज मात्र पुढे निघून जायची. चित्रण फोर-के होतं, म्हणजे प्रत्येक चौकटीत सुमारे ८३ लाख ठिपके. बहुतेक चौकटींत पूर्ण चित्र नसतंच. आधीपेक्षा काय बदललं एवढीच नोंद असते. ती उलगडताना एकटा प्रोसेसर धापा टाकत होता. प्लेअरमधलं हार्डवेअर डिकोडिंग सुरू केलं, ग्राफिक्स चिपने भार उचलला, लाट सलग फुटली.

आणि मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. थिजलेल्या लाटेत मागे उभ्या ताईचा चेहरा नीट दिसायचा, हसू फुटण्याच्या जरा आधीचा. आता तो निसटून जातो. मनही बदलच तेवढे टिपत असेल का? मग जे कधी बदललं नाही, ते कुठे साठतं? चित्रफीत हवी तिथे थांबवता येते, हे कळतं. पण मुद्दाम थांबवावंसं वाटत नाही.